मागे वीस दाते

९ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. काहीतरी हवं असल्याशिवाय हा पत्र लिहीत नाही, असं आत्या, तुझी आई, माझ्याबद्दल म्हणते. या खेपेला तरी तिला खोटं पाडण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

बाल्कनीतली जुनी माउंटन बाइक तुझ्या वर्कशॉपच्या पत्त्यावर ट्रान्स्पोर्टने पाठवतोय. तिच्यावरचं गिअरचं सगळं लचांड काढून टाक. एकच गिअर ठेव. पुढे एक चक्र, मागे एक चक्र, मध्ये चेन, बस. ती खटकी दाबून दाबून उजव्या अंगठ्याला कंटाळा आलाय. शहरात एवढे गिअर घेऊन करायचंय काय?

रस्ता सांगतो. घरून निघालं की आमची गल्ली, मग पुलाखालचा सपाट रस्ता, तिथे दोन सिग्नल, आणि मग टाकीचा चढ. माझी प्रयोगशाळा चढाच्या डोक्यावर, पाण्याच्या टाकीला खेटून आहे. अख्ख्या गावाचं पाणी बाटल्यांत भरून तपासायचं आणि ठीक आहे असं लिहायचं, एवढंच माझं काम. तिथे बस जात नाही. चढ फार मोठा नाही, पण वळणापाशी नाकाला लागतो. सकाळी गल्लीतून बाहेर पडलं की तोच आधी दिसतो आणि हल्ली मला तो बघवत नाही.

फोन करू नकोस. फोनवर तू बोलतेस आणि मी हो हो म्हणतो. दात्यांचे आकडे कागदावरच बरे.

तुझा,
बारक्या


१७ फेब्रुवारी

बारक्या,

सायकल पोचली. चेन बघून तुला चार शिव्या दिल्या, त्या परत लिहीत नाही. मामाने ऐकल्या असत्या तर त्याने आणखी दोन घातल्या असत्या.

आता नीट वाच. एकच गिअर लावणं म्हणजे लग्न आहे. काय विचारायचं ते आधी विचार, नंतर कुरकुर चालत नाही. पुढच्या चेनव्हीलला बत्तीस दाते ठेवतेय. मागच्या फ्रीव्हीलला सोळा. म्हणजे पायडल एकदा फिरलं की मागचं चाक दोनदा फिरणार. मागचे दाते वाढवले की चढ हलका होतो, पण मग सपाटीवर पाय भिंगरीसारखे फिरतात आणि शेजारून चालणारा माणूस पुढे निघून जातो. दाते कमी केले की सपाटीवर राजा, चढावर हमाल. मधलं काहीतरी एकच धरायचं, आणि ते रस्त्याला विचारून नाही, पायाला विचारून.

तुझे पाय मला पाठ आहेत. कॉलेजात असताना माझ्या मागे बसायचं सोडून तू पुढे कधी गेलास ते मला कळलंच नव्हतं. त्या पायांना सोळा दाते म्हणजे खेळ आहे. पहिला आठवडा मांड्या बोलतील, त्यांना बोलू दे. उभा राहून चढव.

अंगठ्याला कंटाळा येतो हे मात्र मी पहिल्यांदाच ऐकलं. आमच्याकडे गिऱ्हाइकं कंटाळतात, पण अख्खी.

ताई


२० मार्च

ताई,

सायकल फार सुंदर झालीय. कुठे खडखड नाही, कुठे तार लोंबत नाही. खालच्या मजल्यावरचे काका रोज थांबवून विचारतात की यातलं काय काय चोरीला गेलं.

पण मागे सोळा जड जातात. तुझं बरोबरच असणार, पण माझ्या पाठीवर बाटल्यांची पिशवी असते ना. शिवाय ते दोन सिग्नल. दर वेळी थांबून परत सुरुवात करायची म्हणजे जीव जातो. वळणापाशी मी उतरतो. उतरून सायकल हातात धरून वर जातो. प्रयोगशाळेतली पोरं काही बोलत नाहीत, आणि ते जास्त लागतं.

अठरा दात्यांचं फ्रीव्हील पाठवशील? कोपऱ्यावरचा सायकलवाला बसवून देईल. एवढंच मागतोय, पुन्हा त्रास देणार नाही.

हिच्या हातचं पत्र येत नाही म्हणून रागावू नकोस. ती हल्ली माझ्यावर सतत लक्ष ठेवून असते, तिला दुसऱ्या कशाला वेळ नाही.

बारक्या


२९ मार्च

बारक्या,

अठराचं फ्रीव्हील सोबत आहे. घे. नाकापेक्षा मोती जड नको म्हणून पाठवतेय, तुझं पटलंय म्हणून नाही.

बायको लक्ष ठेवते म्हणजे चांगलंच आहे. कुणीतरी ठेवायलाच हवं. तुझं वजन किती वाढलंय ते तिलाच कळवायला सांग.

तुला एक गंमत सांगते. आमच्याकडे एक मास्तर येतात. दर महिन्याला म्हणतात, सायकल जड चालते. मी बेअरिंग तपासते, चेन तपासते, काही नसतं. पहिल्यांदा त्यांना तसं सांगितलं तर तोंड एवढंसं झालं. आता मी काय करते, सायकल आत घेते, दुपारभर उभी ठेवते, चाकावर एक फडकं फिरवते आणि परत देते. मास्तर गेटपर्यंत चालवत जातात आणि तिथून ओरडतात, आता कशी लोण्यासारखी झाली. आमच्या लाइनीत याला फुंकर मारणं म्हणतात. निम्मी दुरुस्ती फुंकरीने होते. उरलेल्या निम्मीला पाना लागतो.

उभा राहून चढव. बसून चढ सर होत नाहीत.

ताई


८ मे

ताई,

मी पुन्हा त्रास देणार नाही म्हणालो होतो. देतोय.

अठरावर एप्रिलभर चढलो. रोज. तू खूश होशील म्हणून सांगतो, वळणापाशीही उतरलो नाही. मग या महिन्यात वारा सुटला. समोरून येतो, टाकीवरून सरळ अंगावर. उभं राहिलं की तोल जातो म्हणून बसूनच रेटावं लागतं, आणि बसून होत नाही. परवा सिग्नलला पडलो. म्हणजे थांबलो, डावा पाय खाली टेकवला, आणि तो टेकला असं मला वाटलं. काही झालं नाही, कोपर खरचटलं. मागच्या रिक्षावाल्याने उचलून कडेला बसवलं आणि म्हणाला, साहेब, सकाळी सकाळी?

मला वीस दाते हवे आहेत. ताई, हसू नकोस. हे शेवटचं. वीसवर मी चढलो की मी पुन्हा काही मागणार नाही, आणि वीसवर मी चढायलाच हवं. याच्यापुढे सवलत नाही असं मी स्वतःला बजावलंय. कुठेतरी रेघ ओढावीच लागते.

लवकर पाठव.

बारक्या


१९ मे

बारक्या,

पत्र दोनदा वाचलं. आधी वारा, त्याआधी पिशवी, त्याआधी सिग्नल. नाचता येईना अंगण वाकडं. तुझ्या गावात वारा काय तुझ्या एकट्यासाठी सुटतो का? तू भरचौकात पेंगत होतास आणि पडलास, हे सरळ सांग.

तरी पाठवतेय. तुझा तो कोपऱ्यावरचा माणूस फ्रीव्हील काढताना आटे घालवेल, म्हणून या खेपेला अख्खं मागचं चाकच जोडून पाठवलंय. नवी रिम, नवे आरे, वर वीसचं फ्रीव्हील. नुसतं काढायचं आणि घालायचं. चेन आहे तशीच बसेल. जुनं चाक मला परत पाठव, मला त्याची रिम हवी आहे.

आता लोण्यासारखी जाईल. चढून दाखव आणि कळव. तू वर पोचलास हे वाचल्याशिवाय मला चैन पडणार नाही, हेही लिहून टाकते. नाहीतर तुला वाटायचं की ताईला नुसतं ओरडता येतं.

ताई


३० जून

ताई,

वीसचं चाक मिळालं. जुनं परत पाठवलंय.

चढलो नाही. पहिल्या दिवशी वळणापर्यंतही नाही. मला वाटलं नवं आहे, सवय नाही. मग रोज प्रयत्न केला, जेवढा जोर होता तेवढा लावून. वीस दाते असूनही अठरासारखंच जड लागत होतं. म्हणजे काय ते मला कळलं. शेवटच्या दिवशी चढाच्या पायथ्याशी कठड्यावर बसलो आणि हिला फोन करून बोलावून घेतलं. ती सायकल धरून चालत आली आणि मी रिक्षाने.

सायकल बाल्कनीत आहे. प्रयोगशाळेला राजीनामा दिलाय. तुझं काम चोख होतं, त्यात काही खोट नव्हती. तुला उगीच एवढे महिने राबवलं.

आत्याला नमस्कार सांग.

बारक्या


६ जुलै

अरे शहाण्या,

राजीनामा? एका चढासाठी? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?

आता ऐक आणि लाज वाटून घे. त्या चाकावर वीस दाते नाहीतच. अठराच आहेत. नवं चकचकीत अठराचं फ्रीव्हील नव्या चाकावर चढवून पाठवलं. तुला मास्तरांसारखी फुंकर मारली. मला बघायचं होतं की वीस म्हटल्यावर तू चढतोस का. चढला असतास तर महिनाभराने सांगणार होते की बघ, पायात काही नव्हतं, डोक्यात होतं. तू तर मास्तरांच्याही पलीकडचा निघालास. अठराचं अठरा राहिलं आणि तुझा चढ मात्र वाढला.

ज्या अठरावर एप्रिलभर रोज चढलास, त्याच अठरावर जूनमध्ये चढता येत नाही? दोन महिन्यांत पाय कुठे गेले? आळस आहे हा, दुसरं काही नाही. उद्या सकाळी सायकल बाहेर काढ. राजीनामा परत घे. आणि दाते मोज, म्हणजे माझ्यावर विश्वास बसेल.

ताई


१५ जुलै

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मी वाचून दाखवलं. ह्यांना कागद धरायला त्रास होतो म्हणून हल्ली मीच वाचते. मध्ये थांबावं असं वाटलं होतं, पण ह्यांनी पुढे वाच म्हटलं.

मी सगळं सरळ लिहिते. मागच्या हिवाळ्यात ह्यांच्या उजव्या हाताचा अंगठा ऐकेनासा झाला. गिअरची खटकी दाबता येईना. मग डावं पाऊल. नसांच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं की हे स्नायूंना खाणारं दुखणं आहे, हळूहळू सगळीकडे जाईल आणि गेलेलं परत येणार नाही. औषध आहे ते नुसतं वेग कमी करायला. तुम्हाला सांगू नको, अशी मला शपथ घातली होती. म्हणून फोन नको होता. आवाजावरून तुम्ही ओळखलं असतंत, असं म्हणायचे. ताईला कळलं की ती मला सोपं सोपं देत जाईल, आणि मला एक तरी माणूस असं हवं आहे की जे मला अजून शिव्या घालतं, असंही म्हणायचे.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की हलकं हलकं चालवत राहा. जोर लावायचा नाही आणि बंदही करायचं नाही. हे त्या चढावरून स्वतःला मोजत होते. सोळा गेले तेव्हा गप्प झाले. अठरा गेले तेव्हा म्हणाले, वीसवर मी अजून बरेच महिने काढीन. हा त्यांचा हिशेब होता, आणि मी त्यावर विश्वास ठेवला होता, कारण दुसरं धरायला काही नव्हतं.

तुमचं नवं चाक आलं आणि पहिल्याच दिवशी वळणाच्या खूप आधी थांबले. मग रोज जोर लावत गेले. मी नको म्हणत होते. संध्याकाळी मांडी थडथड उडायची, हाताने धरून ठेवली तरी थांबायची नाही. आणि मग एक दिवस सगळंच सोडलं. व्यायाम सोडला, जिन्यावरून खाली जाणं सोडलं, काही दिवस गोळ्याही घेतल्या नाहीत. खुर्चीत बसून राहिले. वीससुद्धा गेले, आता कशाला, एवढंच म्हणायचे. डॉक्टर म्हणाले होते त्याच्या कितीतरी आधी ही वेळ आली असं त्यांना वाटलं, आणि मलाही.

तुमचं पत्र वाचून झाल्यावर म्हणाले, मोज. मी बाल्कनीत गेले, एका दात्याला खडूने खूण केली आणि मोजले. अठरा. म्हणाले, परत मोज. परत अठरा. मग म्हणाले, मला उठव. मी उठवलं. सायकलीपर्यंत आले, हँडल धरलं, पण पाय दांडीवरून पलीकडे टाकता आला नाही. मी उचलून टाकला असता, पण त्यांनी मला हात लावू दिला नाही.

तुमच्यावर मी रागावले आहे हे लपवत नाही. तुम्हाला माहीत नव्हतं, हेही मला कळतं. दोन्ही एकदम कळतं म्हणून झोप येत नाही.

लगेच धावत येऊ नका. आत्ता त्यांना कुणी समोर नको आहे. पत्र लिहा.

तुमची भावजय


१९ जुलै

बारक्या,

काय लिहू? दोन दिवस वर्कशॉप उघडलं नाही. आईला अजून सांगितलेलं नाही, ती विचारतेय की मी जेवत का नाही.

मी इतकी वर्षं माणसाच्या चालण्यावरून ओळखते की त्याची सायकल कुठे बिघडलीय. सीट कुठल्या बाजूने झिजलीय ते बघून कुठला गुडघा दुखतो ते सांगते. तू मला अंगठा लिहिलास, तोल लिहिलास, टेकला नाही तो पाय लिहिलास, आणि मी तुला आळशी म्हटलं. तुझे पाय मला पाठ आहेत असं मीच लिहिलं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. पाठ होते ते वीस वर्षांपूर्वीचे.

फुंकर मारायची ती मास्तरांना. ज्याची सायकल ठीक आहे त्याला. तुझं वीसचं फ्रीव्हील माझ्या टेबलावर काढून ठेवलेलं होतं, बारक्या. कागदातून सोडवलेलं. मी ते परत फळीवर ठेवलं आणि अठराचं उचललं. ते उचलताना मला हसू येत होतं.

तू वीसवर चढला असतास. मला खात्री आहे. अजून काही महिने तरी चढला असतास.

मी बावीसचं काढलंय. पुढचं चेनव्हीलही लहान करता येतं, अठ्ठावीसचं आहे माझ्याकडे. मग एवढं हलकं होतं की हाताने ढकलल्यासारखं फिरतं. पाय उचलावा लागू नये म्हणून दांडी खाली वाकवलेली फ्रेम आहे, त्यावर सगळं चढवते. तू चढावर जाऊ नकोस, गल्लीत फिर. वरातीमागून घोडं आहे, कळतंय मला. पण मला दुसरं काही करता येत नाही रे. तू म्हणशील तेव्हा घेऊन येते.

मला माफ कर असं लिहायचं धाडस होत नाही.

ताई


२ ऑगस्ट

ताई,

मी सांगतोय आणि ही लिहितेय. तिने मधलं काही गाळू नये असं ठरलंय.

मी तुझ्यावर रागावलोय. आधी तेच लिहायला सांगितलं. खुर्चीत बसून दिवसभर एकच विचार करतो की जूनमध्ये त्या चाकावर खरंच वीस दाते असते तर. जोर लावावा लागला नसता, मांडी कामातून गेली नसती, मी हाय खाल्ली नसती. कदाचित आज वर प्रयोगशाळेत बाटल्या हलवत असतो. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, जोर लावून काही गेलं असेल, बसून राहून काही गेलं असेल, आणि काही तसंही जाणारच होतं. कुठलं किती, ते सांगता येत नाही. मी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, कुणालाच सांगता येणार नाही, कधीच. मला दुखण्यापेक्षा हे सहन होत नाही. दुखणं निदान माझं आहे.

तू लिहिलंस की मी चढलो असतो, तुला खात्री आहे. असली खात्री मला देऊ नकोस. चढलो असतो हे खरं असेल तर ते महिने तू घेतलेस. चढलो नसतो हे खरं असेल तर तुझी काही चूक नाही, आणि मी एवढ्या लवकर संपत आलोय. यातलं काय खरं असावं असं मला वाटायला हवं, तूच सांग.

आणि मीही कमी नाही. बिघाड लपवून सायकल दुरुस्तीला टाकणारं गिऱ्हाईक तुझ्या दारात आलं असतं तर तू त्याला उभं केलं नसतंस. वारा काय, पिशवी काय. तुला खरं सांगितलं असतं तर तू वीस सोडून चोवीस दाते पाठवले असतेस आणि सोबत रडून भिजलेलं पत्र. मला ते नको होतं. मला तुझ्या शिव्या हव्या होत्या, त्या मिळाल्या. हे लिहिताना ही थांबली होती, तिला लिही म्हटलं.

बावीस नको. वाकवलेली फ्रेम नको. हलकं, आणखी हलकं, त्याहून हलकं, असं तू जोडत जाशील आणि मी प्रत्येकावर हरत जाईन. माझ्यात आता तेवढं हरायची ताकद नाही. सायकल काकांच्या नातीला देऊन टाकलीय. तिला अठरा बरे पडतात. मी बाल्कनीतून बघतो, आणि मग बघत नाही.

आत्याला सांगून टाक. तिला दुसऱ्याकडून कळायला नको.

आणि ये. हत्यारं घेऊन येऊ नकोस, मला समजावायला येऊ नकोस, माफी तर मुळीच मागू नकोस, कारण मला अजून ती देता येणार नाही आणि मग मी खोटं बोलेन. नुसती येऊन बस. पण पुढच्या महिन्यावर ढकलू नकोस. भिंत धरून धरून मला अजून दारापर्यंत येता येतं. दार मीच उघडीन.

बारक्या